फलक सुखरूप आहे

सोमवार, ३ फेब्रुवारी

दादा,

रागावलेल्या माणसाला नमस्कार पोचतो की नाही कुणास ठाऊक, म्हणून अर्धाच करते. उरलेला अर्धा तू परत आलास की.

तुझं पत्र मिळालं. पहिली तीन पानं माझ्या कृतघ्नपणावर आहेत, ती उलटून पुढे वाचलं. तरी एक गोष्ट पुन्हा सांगते. संघटनेच्या अध्यक्षपदाला मी उभी राहिले नव्हते. मी बसले होते. तुझं भाषण चालू होतं, बायकांना घरी जाऊन चूल पेटवायची होती, आणि धुलाई खात्यातली मावशी, जी तुझ्या प्रत्येक भाषणात पहिल्या रांगेत बसून झोपते, ती अचानक जागी होऊन म्हणाली, "अध्यक्ष बदला. यांच्या बहिणीला करा. ती कमी बोलते." सगळ्यांचे हात वर झाले. माझाही झाला, पण तो डास मारायला.

तू मात्र बॅग भरलीस, वहिनीला घेतलंस आणि मुलीकडे निघून गेलास. बॉयलरवर कामाला होतास तेव्हापासून ते निवृत्त झाल्यावरही तू या लाँड्रीच्या गेटवर "बहुमताचा निर्णय अंतिम" म्हणून घसा बसवून घेतलास. बहुमताने एकदाच निर्णय घेतला, तर तू चहासुद्धा न घेता उठलास.

असो. आता कामाचं. नव्या मॅनेजरने इस्त्री हॉलच्या सगळ्या खिडक्यांना खिळे मारलेत. (त्याला आम्ही एसीसाहेब म्हणतो. कारण विचारू नकोस, त्याच्या केबिनच्या दाराखाली पाय ठेवलास की कळेल.) आपलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, ते हॉटेल, चादरी परत पाठवायला लागलंय. चादरींवर डाग पडतात म्हणे. एसीसाहेबांनी विचार केला, की डाग म्हणजे धूळ, धूळ म्हणजे रस्ता, आणि रस्ता म्हणजे खिडकी. बोलावला सुतार.

आता हॉलमध्ये वाफ आहे, इस्त्र्या आहेत आणि आम्ही आहोत. हवा नाही. परवा सूनबाई माझ्या शेजारच्या टेबलावर होती, ती उशीचा अभ्रा हातात घेऊन हळूच खाली बसली आणि मग आडवीच झाली. सहावा महिना चाललाय तिला. पाणी मारलं, उठली, म्हणाली, "आई, अभ्रा चुरगळला का?" मला रडू आलं आणि हसूही. घरी बस म्हटलं तर म्हणते, दोघांचे पगार मिळून एक घर चालतं, त्यातला एक काढला की भिंतीच राहतील. खरं आहे ते. उन्हाळा तोंडावर आलाय. त्याआधी खिडक्या उघडायला हव्यात, एवढंच आमचं मागणं.

तुझ्या पत्रातले लढ्याचे सात टप्पे वाचले. पहिला टप्पा निवेदन. दिलं. साहेबांनी ते दोन्ही बाजूंनी बघितलं आणि चहाचा कप त्यावर ठेवला. टेबलावर डाग पडू नये म्हणून. पहिला टप्पा पार पडला.

तुझी (निवडून आलेली, पण उभी न राहिलेली) बहीण


बुधवार, १२ फेब्रुवारी

दादा,

दुसरा टप्पा शिष्टमंडळ. तोही झाला. मी, मावशी आणि मुकी असे गेलो. मुकी म्हणजे टोकाच्या टेबलावरची. तिला जीभ आहे, पण इतक्या वर्षांत एकाही बैठकीत तिने ती बाहेर काढलेली नाही. ती यासाठी घेतली, की शिष्टमंडळात एकजण तरी ऐकणारं हवं असं तू लिहिलंयस.

केबिनमध्ये शिरलो तर इतकं गार, की मावशी म्हणाली, "साहेब, मागणी नंतर सांगते, आधी जरा इथे बसू का?" साहेब म्हणाले, चादरी अजून परत येताहेत, म्हणजे खिडक्यांच्या फटीतून धूळ येते आहे, आता फटींना चिकटपट्ट्या लावणार. आम्ही म्हटलं, त्या परत आलेल्या चादरी एकदा दाखवा तरी. म्हणाले, तो पुरावा आहे, कपाटात कुलूपबंद आहे. आणि जाता जाता सांगितलं, की हॉटेलने काम काढून घेतलं तर इस्त्रीतल्या निम्म्या बायका कमी कराव्या लागतील, तेव्हा खिडक्यांची चैन विसरा. चैन! मी लगेच काहीतरी चांगलं झणझणीत बोलणार होते, पण ते मला जिना उतरताना सुचलं.

तर आता तिसरा टप्पा. गेटवर उभं राहायचं. तुझ्या सांगण्याप्रमाणे तुझं घर उघडून कपाटातून फलक काढला. "जपून हाताळा, त्यावर माझं आयुष्य आहे," असं तू लिहिलंयस. दादा, तुझं आयुष्य जरा मळलं होतं. एक बाजू काजळीने काळी, मधोमध चहा सांडलेला, आणि वास असा, की कुणीतरी त्यात बूट गुंडाळून प्रवास केलाय. पण लाल अक्षरं ठसठशीत होती, ते कबूल. समान वेतन, जागतिक मक्तेदारीचा धिक्कार, एकजुटीचा विजय असो. खिडक्यांबद्दल काही नाही, पण जागतिक मक्तेदारी मोडली की खिडक्या आपोआप उघडतील असा हिशेब असावा.

फलक लाँड्रीत नेला. मावशीने बघितला. बाकी सगळं ठीक.

ता. क. फलकाचा रंग पक्का होता ना रे? सहज विचारते.


गुरुवार, २० फेब्रुवारी

दादा,

तू लिहितोस, रंग पक्काच होता, तू स्वतः पेंटरच्या उरावर बसून लावून घेतला होतास, त्या दिवशी तुझ्या शर्टाच्या बाहीवरही उडाला होता. हो, ती बाही कोण विसरेल. प्रत्येक भाषणात तू ती उंचावून दाखवायचास. छान. पक्का होता हे ऐकून बरं वाटलं.

फलक सुखरूप आहे. अगदी स्वच्छ आहे. इतका, की काय सांगू.

गेटवर उभं राहणं सुरू झालंय. ज्यांची पाळी संपली त्या दोघी दोन टोकं धरतात, त्यामुळे कुणाचा पगार कापायला साहेबांना वाव नाही. कोणत्या घोषणेला लोकांचा जास्त प्रतिसाद आहे असं तू विचारलंस. सगळ्या घोषणांना अगदी सारखा आहे.

पण गंमत अशी, दादा, की लोक थांबतात. तुझ्या वेळी ते लांबून वाचायचे आणि पलीकडच्या फुटपाथवरून जायचे. आता जवळ येतात, फलकाकडे बघतात, मग आमच्याकडे बघतात आणि विचारतात, "काय चाललंय?" विचारलं की सांगावंच लागतं. परवा एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "चादर केवढ्याला दिली?" मावशी म्हणाली, "विकायची नाही, आजोबा. यामागे गोष्ट आहे." आजोबांनी पूर्ण गोष्ट ऐकली, आणि दुसऱ्या दिवशी आजीला ऐकवायला घेऊन आले.

(चादर का म्हणाले ते विचारू नकोस. म्हाताऱ्यांची नजर.)

आणि काल मुकी बोलली! तिच्या जोडीची पाणी प्यायला गेली होती, आणि नेमकी तेव्हाच समोरच्या दुकानातली बाई येऊन विचारायला लागली. मुकीने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, सांगायला दुसरं कुणीच नव्हतं. मग म्हणाली, "खिडक्या." ती बाई म्हणाली, "कसल्या खिडक्या?" आणि मुकी जी सुरू झाली ती सुरू झाली. वाफ सांगितली, खिळे सांगितले, सूनबाई कशी आडवी झाली ते सांगितलं, चिकटपट्टीचा रंग सांगितला. मी पाणी पिऊन आलेल्या बाईला कोपऱ्यावरच थांबवून धरलं.

आता रोज संध्याकाळी पाळीवरून भांडणं होतात. आज मी बोलणार, तू काल बोललीस.


शनिवार, १ मार्च

दादा,

बातमी वाचून आनंद झाला. तिकडची तरुण मंडळी तुझा सत्कार करणार, आणि व्यासपीठावर मागे तो ऐतिहासिक फलक लावणार. फलक ताबडतोब रजिस्टर पोस्टाने पाठव, असं तू लिहिलंयस, खाली दोन रेघा मारून.

दादा, तू बसून वाचतोयस ना? वहिनी, जवळच असशील तर पाण्याचा तांब्या घे.

फलक कोरा आहे.

काय झालं ते सांगते. मी फलक धुलाई खात्यात पसरून बघत होते. मावशी आली. "हे पोतेरं कुणाचं?"

"फलक आहे मावशी. दादांचा."

"दादांचा असू दे नाहीतर राजाचा. आपण कपडे धुणाऱ्या बायका. असला मळका कपडा धरून गेटवर उभ्या राहिलो तर आपल्याकडे कपडे टाकेल कोण? लोक म्हणतील, यांना स्वतःचं एक फडकं धुता येत नाही, आणि यांना खिडक्या हव्यात."

"त्यावर अक्षरं आहेत."

"अक्षरं राहतील, मळ जाईल. इतकी वर्षं इथे काय मी गवत उपटतेय?"

उकळतं पाणी, त्यात सोडा. पाणी गुलाबी झालं, मग लाल झालं. आधी मक्तेदारी गेली. मग समान. वेतन थोडा वेळ तग धरून होतं. शेवटी एका कोपऱ्यात नुसता "असो" उरला, तोही मावशीने ब्रश घेऊन घासला. म्हणाली, "हा डाग मेला हट्टी आहे."

एवढं झाल्यावर तरी आम्ही थांबावं ना? पण हात थांबतात का! मुकीने त्याला खळ घातली. मी इस्त्री केली. सगळ्यात आधी काठ, मग मधला भाग, चारही कोपरे काटकोनात. घडी घालून टेबलावर ठेवली आणि मग तिघींनी एकमेकींकडे बघितलं. दुसऱ्या कुठल्याही कामगारांच्या हातून असं झालं नसतं, दादा. सुतारांनी तो काठीला ठोकला असता, शिंप्यांनी उसवलेलं शिवलं असतं. आम्ही धुतला.

दुसऱ्या दिवशी उभं राहायचं जाहीर झालं होतं. पेंटर गावाला गेलेला. धरायला काहीतरी हवं, कारण रिकाम्या हातांनी रस्त्याकडेला उभं राहिलं की बस थांबते. म्हणून तोच धरला. पुढचं तुला माहीत आहे.

तुझ्यापासून लपवलं हे खरं. पण एकही वाक्य खोटं लिहिलं नाही, मागची पत्रं काढून बघ.

नंतर पेंटर परत आला. बैठक घेतली. काय लिहायचं यावर जी जुंपली, की तुझी आठवण आली. एकीला नुसतं "खिडक्या" हवं होतं, एकीला "हवा हा आमचा हक्क", आणि कामगार चळवळीवर पुस्तक लिहिणारे एक अभ्यासक आले होते, ते म्हणाले, "व्यवस्थेच्या घुसमटीविरुद्ध असं लिहा." मावशी त्यांना म्हणाली, "तुम्ही इस्त्री हॉलमध्ये एकदा या, घुसमट कशी लिहायची ते आपोआप कळेल." मग मुकी उठली. बैठकीत, दादा! म्हणाली, "लिहू नका काही. लिहिलं की लोक वाचून पुढे जातील. मग मला कोण विचारणार?"

 पेंटरला चहा पाजून परत पाठवला.

साहेबांची अवस्था बघण्यासारखी आहे. आक्षेपार्ह मजकूर टिपून घ्यायला वही घेऊन आले. पुढून बघितलं. मागे जाऊन बघितलं. उन्हात धरायला लावून आरपार बघितलं. "यावर काय लिहिलंय?" मी म्हटलं, "तुम्हाला काय वाटतं?" चेहरा असा झाला, की त्यांना बरंच काही वाटत असावं. दुसऱ्या दिवशी सूचना लागली: आवारात कोरा कपडा फडकवण्यास मनाई. रखवालदाराने ती वाचली, मागच्या अंगणात दोऱ्यांवर वाळणाऱ्या शेकडो चादरी बघितल्या, आणि साहेबांना जाऊन विचारलं, "सगळ्या काढू का?"

सूचना भिंतीवरून उतरली. खिडक्या मात्र अजून बंद आहेत. सूनबाई परवा पुन्हा मधेच खाली बसली. बाहेर आता ऊन तापायला लागलंय.

फलक पाठवू शकत नाही, लढ्यात आहे. तुला काय वाटेल ते बोल, पण पत्रातून बोल. गप्प बसू नकोस. तुझ्या गप्प बसण्याची आम्हाला सवय नाही.


शुक्रवार, १४ मार्च

दादा,

तुझं उत्तर नाही. चार ओळींच्या शिव्या तरी पाठवायच्या होत्यास. तरीही लिहिते, कारण हे तुला सांगितल्याशिवाय मला ते घडल्यासारखंच वाटणार नाही.

मंगळवारी हॉटेलच्या बाई आल्या. चादरी, टॉवेल सगळं त्यांच्या ताब्यात असतं. करार मोडायला आल्या होत्या, काखेत पुरावा म्हणून घडी घातलेली चादर. गेटवर मुकी आणि मावशी उभ्या होत्या. बाई घाईत होत्या, पण कोरा फलक बघून पाय अडखळलाच. "हे काय आहे?"

मुकीने खिडक्यांपासून सुरुवात केली. बाई ऐकत होत्या कपाळाला आठी घालून, आणि बोटांनी फलकाचा काठ चाचपत होत्या. धंद्याची सवय, दुसरं काय. मधेच म्हणाल्या, "हा कपडा रोज इथे रस्त्यावर असतो?"

"रोज."

त्यांनी काखेतली चादर उलगडली आणि फलकाशेजारी धरली. फलक पांढरा. चादरीवर पिवळट ठिपके, मधोमध, ओळीने. तेवढ्यात साहेब धावत आले. "मॅडम, बघा, हीच ती धूळ! या बायका खिडक्या उघडा म्हणतात!" बाईंनी फलकावर टिचकी मारली. धुळीचा एवढासा ढग उठला आणि गेला. मग चादरीवरच्या ठिपक्यावर टिचकी मारली. ठिपका तिथेच.

"धूळ झटकली की जाते," बाई म्हणाल्या. "मग हे काय आहे?"

मावशीने चादर नाकाला लावली. "घाम! अगंबाई, आमचाच घाम आहे हा! इस्त्री करताना टपकतो, तेव्हा दिसत नाही, कपाटात राहिला की पिवळा पडतो. साहेब, हे तुम्ही कुलपात का ठेवलं होतंत? आधी दाखवलं असतं तर वास घेऊनच सांगितलं असतं."

म्हणजे बघ. डाग पडले म्हणून खिडक्या बंद, खिडक्या बंद म्हणून घाम जास्त, घाम जास्त म्हणून डाग जास्त, आणि डाग जास्त म्हणून चिकटपट्टी. इतकं नेटाने स्वतःचंच नुकसान करणारा माणूस मी फक्त आपल्या संघटनेत बघितला होता.

बाई म्हणाल्या, मला हॉल बघायचाय. आत गेल्या, सूनबाईच्या टेबलाजवळ उभ्या राहिल्या. साहेब धुळीबद्दल आणखी काही समजावून सांगत होते, त्यांच्या हातात नव्या कराराचा कागद होता. बाईंच्या हनुवटीवरून एक थेंब सुटला आणि टप्पकन त्या कागदावर पडला. सगळा हॉल बघत होता. कुणी हसलं नाही. म्हणजे बाई जाईपर्यंत हसलं नाही.

"खिडक्या उघडा," बाई म्हणाल्या, "नाहीतर मी दुसरी लाँड्री बघते."

साहेब म्हणाले, सोमवारी सुताराला बोलावतो. सोमवारपर्यंत कोण थांबतंय? मावशीने कुठून तरी पक्कड पैदा केली. पहिला खिळा सूनबाईला काढायला लावला. करकर वाजत सुटला आणि खिडकी उघडली. दादा, नुसती रस्त्यावरची हवा होती, धूर, हॉर्न, भाजीवाल्याची आरोळी. पण सूनबाईने डोळे मिटून अशी आत घेतली, की बाकीच्यांनी आपापल्या टेबलावरून तिला श्वास घेताना बघितलं. मग सगळ्याच जणी खिडक्यांवर तुटून पडल्या.

मी विचार करत होते. आपण इतके लढे केले ते मालकांचं मन वळवायला. त्यांच्याकडे मन नव्हतंच, गिऱ्हाईक होतं. आणि गिऱ्हाइकापर्यंत आपण कधी पोचलो नाही, कारण आपला फलक इतकं बोलायचा, की कुणाला काही विचारायला जागाच नसायची. हे मी तुला टोचून म्हणत नाही. म्हणजे थोडं टोचून म्हणतेय. पण गेटवर उभं राहायचं असतं, हे आम्हाला शिकवलं कुणी? तू नसतास तर आम्ही तो कपडा नुसता धुतला असता आणि वाळत घातला असता.


रविवार, ३० मार्च

दादा,

वहिनीचं पत्र आलं. तू सांगू नकोस म्हणाला होतास, म्हणून तिने सविस्तर लिहिलंय.

सत्काराला म्हणे तू मुलीच्या घरातली पांढरी चादर मागे लावलीस. लोकांना वाटलं सजावट राहून गेली. तू भाषणाला उभा राहिलास, आणि बोललाच नाहीस. सूत्रसंचालक घाबरला. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका मुलीने विचारलं, "मागे काय आहे ते?" आणि मग तू सांगितलंस. मक्तेदारी कशी गेली ते, वेतनाने कसा तग धरला ते, मावशीचा ब्रश, सगळं. माझ्या पत्रातलं शब्दन् शब्द. लोक हसून हसून खाली बसले, आणि नंतर प्रश्नच प्रश्न. वहिनी लिहिते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तुझं भाषण तिने जागं राहून ऐकलं.

आणि काल तुझं पार्सल आलं. आत चिठ्ठी नाही, शिवी नाही. नुसता शर्ट. तोच, बाहीवर लाल रंग उडालेला. काय करायचं ते मावशीला सांगावं लागलं नाही. तिने सोडा घातला, उकळतं पाणी घातलं, मग ब्रश घेतला, मग दुसरा ब्रश घेतला. सगळ्या जणी कामं टाकून भोवती उभ्या.

डाग गेला नाही, दादा. जरासुद्धा फिका झाला नाही. मावशी घाम पुसत म्हणाली, "रंग फलकाचाच. पण याने कापड धरून ठेवलंय." मग तिने ब्रश ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा ती एखाद्या डागापुढे हरली, आणि तिला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

शर्टाला खळ घालून, इस्त्री करून माझ्या टेबलाजवळच्या उघड्या खिडकीत अडकवलाय. वाऱ्याने बाही हलते, त्यामुळे हॉलमध्ये कुणीतरी भाषण करतंय असं वाटतं. सूनबाई म्हणते, मामा आल्यासारखे वाटतात, फक्त शांत.

पोस्टाने पाठवणार नाही. घडी मोडेल. स्वतः येऊन घेऊन जा. आता आम्ही बसायला स्टूल मागतोय, उभं राहून पाय सुजतात सगळ्यांचे. फलक पुन्हा गेटवर आहे. येत्या शुक्रवारची पाळी तुझ्या नावाने लावलीय, दुसरं टोक मुकी धरेल. कुणी विचारलं तरच बोलायचं, आणि पहिला प्रश्न तिचा.

बाकी अर्धा नमस्कार आलास की.

तुझी बहीण